विहिरीचं पाणी निम्मं होईस्तोवर उकळतो, तरी बाळांना चालेल का?

मृगबहार (वरूड तालुका)

नमस्कार. मला जुळी झालीत, एक मुलगा आणि एक मुलगी. परवा अडीच महिन्यांची झाली. दोघांना माझं दूध पुरत नाही, वजन वाढेना, म्हणून डॉक्टरांनी अंगावरच्या दुधासोबत डब्याचं दूध सुरू करायला सांगितलं. ते पाण्यात कालवावं लागतं आणि पाण्यापाशीच माझं घोडं अडलंय.

आमचं घर शेतातच, संत्र्याच्या बागेत. गावातला नळ तीन दिवसांआड येतो आणि तो घरापासून लांब. प्यायला विहिरीचं पाणी. विहीर जुनी, दगडी बांधणीची. गोठा तिच्यापासून वीसेक पावलांवर, त्याच्या मागेच शेणाचा उकिरडा.

सासूबाई रोज पहाटे पाचला पाणी चुलीवर ठेवतात. कल्हई केलेलं पितळेचं पातेलं आहे, त्याला आतून एक खूण केलेली आहे. पाणी आटत आटत त्या खुणेला आलं, म्हणजे बरोबर निम्मं झालं, की मगच खाली उतरवायचं. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर दिसतो. तो बोटाने खरवडून त्या मला दाखवतात, "पाह्य, सारा खार खाली बसला. वर राहिलं ते निर्मळ." माझे यजमान आणि दोन्ही नणंदा याच पाण्यावर वाढल्या. हे सगळं त्या नातवंडांवरच्या मायेने करतात, पहाटेच्या थंडीत उठून करतात, हेही इथे लिहिते.

गेल्या आठवड्यात गावातल्या पाणी तपासणाऱ्या ताई पेटी घेऊन आल्या. आमच्या विहिरीच्या पाण्यात पावडर टाकली तर ते गडद गुलाबी झालं. म्हणाल्या, नायट्रेट जास्त दिसतंय, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवा. मी विचारलं, उकळलं तर चालेल ना? त्या म्हणाल्या, हो, उकळून घ्या. पण लगेच नाही म्हणाल्या, थोडं थांबून म्हणाल्या. ते थांबणं माझ्या डोक्यातून जात नाही.

यजमान नमुना देऊन आलेत, अहवाल यायचा आहे. तोवर अजून जास्त वेळ उकळू का? कोणाला नक्की माहीत असेल तर सांगा.

सागरवेळ

ताई, बिनधास्त राहा. उकळल्यावर पाण्यात काही जिवंत राहत नाही. आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात विहिरी गढूळ होतात तेव्हा आम्ही फडक्याने गाळून उकळून पितो. कुणाला कधी काही झालं नाही. तुम्ही तर निम्मं आटवता, म्हणजे दुप्पट सुरक्षित.

परीक्षानळी (अकोला)

मृगबहार ताई, हे वाचाल तेव्हा रात्र असली तरी पुढचं दूध त्या पाण्यात कालवू नका. बाकीचं सविस्तर नंतर वाचा.

मी एकतीस वर्षं पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं, आता निवृत्त आहे. सागरवेळ यांचं 'काही जिवंत राहत नाही' हे वाक्य अगदी खरं आहे आणि शेवटचं अगदी उलटं.

पाण्यात दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात. जिवंत आणि विरघळलेल्या. जिवंत म्हणजे पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू. त्यांना उकळी हा पक्का उपाय आहे. खरं तर सत्तर अंशांच्या वर गेलं की बहुतेक जंतू मिनिटाभरात मरू लागतात. काविळीचे विषाणू जरा चिवट, पण खळखळत्या उकळीपुढे तेही टिकत नाहीत. पातेल्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे येतात ती उकळी नव्हे, ती पाण्यातली हवा बाहेर पडत असते. सगळं पाणी वरखाली उसळू लागलं की ती उकळी. ती मिनिटभर राहिली की काम झालं. चिखलदऱ्यासारख्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथेही मिनिटभर पुरतं. दोन हजार मीटरच्या वर, हिमालयात वगैरे, तीन मिनिटं द्यावीत. वीस मिनिटं, अर्धा तास कुठेच लागत नाही.

नायट्रेट मात्र जिवंत नाही. तो क्षार आहे, साखर विरघळावी तसा विरघळलेला. त्याला मारायचं काय? उकळताना वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, नायट्रेट सगळंच्या सगळं पातेल्यात मागे राहतं. दहा लिटरमध्ये जेवढं होतं तेवढंच आता पाच लिटरमध्ये. म्हणजे लिटरमागे दुप्पट. तुमच्या सासूबाईंची खूण नायट्रेट दुप्पट झाल्याची खूण आहे. मला हे लिहितानाही जड जातंय, कारण त्या माउलीने जिवाचं रान करून जे केलं त्यानेच ते वाढलं.

आणि तो पांढरा थर. ते चुन्याचं कार्बोनेट आहे. विहिरीच्या जड पाण्यात विरघळलेला चुना उकळीने फुटतो आणि खाली बसतो. पाणी त्याने थोडं हलकं होतं, डाळ बरी शिजते. इतकंच. नायट्रेट त्या थरात कधीच येत नाही, कारण नायट्रेटचे क्षार पाण्यातून असे खाली बसतच नाहीत. डोळ्यांना 'खार निघाला' असं दिसतं आणि जो काढायचा तो तसाच राहतो.

मोठ्या माणसांना यातलं बरंच खपून जातं, म्हणून तुमचे यजमान वाढले. अंगावर पिणारं मूलही सहसा सुरक्षित असतं, आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. यजमान आणि नणंदा अंगावरच वाढले असणार. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते रक्तात गेलं की हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून न्यायची ताकद जाते. बाळाचे ओठ, नखं, तोंडाभोवतीची जागा निळसर-करडी पडते. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा मांडलं, शेतातल्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून पाजलेल्या बाळांमध्येच. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्त चालेल अशी सवलत तिच्यात ठेवलेली नाही.

एक आठवण सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या विहिरीचा अहवाल मी स्वतः लिहिला होता. नायट्रेट १३० च्या वर. शेरा इंग्रजीत, 'पिण्यास अयोग्य' या अर्थाचा. पुढे दोन महिन्यांनी त्याच गावात गेलो तर एका घरात तो अहवाल दाराच्या मागे खिळ्याला अडकवलेला. घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, तुमचा कागद आला तवापासून आम्ही पाणी उकळूनच पितो." आत पाळण्यात बाळ होतं. मी खिडकीची झडप उघडून उजेडात त्याचं नख पाहिलं. जांभळाच्या रसात बुडवल्यासारखं. त्याच गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. रक्त काढलं तेव्हा ते लाल नव्हतं, चॉकलेटच्या रंगाचं होतं. शिरेतून औषध दिलं आणि तासाभरात रंग फिरला. बाळ वाचलं.

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत नायट्रेट जास्त आलेल्या प्रत्येक अहवालावर मी हाताने, लाल पेनने, मराठीत लिहीत आलो: 'उकळून उपयोग नाही. तान्ह्या बाळाला देऊ नका.' छापील अर्जात ती ओळ नव्हती. ती असायला हवी असं माझं आजही ठाम म्हणणं आहे.

आता तुमचं. बाळांचे ओठ, नखं दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबच्या दिव्यात नको. जराही निळसर वाटलं, धाप, सुस्ती, दूध न ओढणं, यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना, आणि डॉक्टरांना 'विहिरीचं पाणी, नायट्रेट' हे शब्द सांगा. जुलाब होत असतील तर धोका जास्त. काही दिसत नसलं तरी उद्या एकदा दाखवून या.

मृगबहार

काका, वाचून हातपाय गार पडले. आत्ता दोघांना दिव्याखाली पाहिलं, गुलाबी वाटतात. तुम्ही ट्यूब नको म्हणालात, सकाळी अंगणात बघते. रात्रीपुरतं शेजारच्या वस्तीवरून नळाचं पाणी आणलं आहे, तेच उकळून वापरते. तेवढं बरोबर ना?

परीक्षानळी

बरोबर. धरणावरच्या योजनेच्या पाण्यात नायट्रेट सहसा कमी असतं. तेच उकळा. फक्त आटवू नका.

सुईण_नव्हे_सिस्टर

मी आरोग्यसेविका आहे, सातारा जिल्ह्यात बावीस वर्षं उपकेंद्रावर. काकांचं नायट्रेटचं सगळं मान्य. पण उकळू नका असा अर्थ कुणी काढू नये म्हणून लिहिते. बाळाच्या दुधाला उकळलेलं पाणी लागतंच, आणि कारण दोन आहेत. एक, पाण्यातले जंतू. दुसरं पुष्कळ आयांना ठाऊक नसतं: डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ते सत्तर अंशांच्या खाली जायच्या आधी, पावडर कालवायची. मग बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. पाजून उरलेलं फेकायचं, कालवून दोन तास झालेलं दूध पाजायचं नाही. रात्रीसाठी उकळतं पाणी थर्मासमध्ये भरून ठेवता येतं, पण ते चटका बसण्याइतकं गरम आहे तोवरच कालवायला घ्या. आणि ताई, जुळी असली तरी अंगावर पाजणं सोडू नका. जेवढं येईल तेवढं.

उकळल्यावर काय होतं तेही बघा. मी घरोघर फिरते तेव्हा गृहिणी सांगतात, आम्ही उकळूनच पितो, तरी जुलाब. मग मी स्वयंपाकघरात बसते आणि नुसतं बघते. पाणी उकळलं. लवकर गार व्हावं म्हणून वरून तांब्याभर गार पाणी ओतलं, कच्चं. किंवा उकळलेलं पाणी कालच्याच माठात ओतलं, ज्याचा तळ आठवडाभर घासला नाही आणि त्यात कालचं वीतभर पाणी होतंच. किंवा शाळेतून आलेल्या पोराने पेला हातासकट बुडवला. उकळीने मेलेले जंतू मेले, पण नवे आले तर त्यांना अडवायला त्या पाण्यात काही नसतं. क्लोरीन घातलेल्या पाण्यात ते थोडं शिल्लक राहतं, उकळलेल्यात काहीच नाही. म्हणून ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून गार होऊ द्या. काढायला लांब दांड्याचं ओगराळं, नाहीतर तोटीचा पिंप.

घरातल्या कुणाला दिवस गेले असतील तर जास्तच जपा. दूषित पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते, आणि जंतू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. तेव्हा पाणी कुठलं प्यायलो होतो ते आठवतही नाही.

कापूसकोंड्या (केळापूर, यवतमाळ)

आमच्याकडे नायट्रेटपेक्षा फ्लोराइडचा त्रास. माझ्या वयाच्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, माझ्याही. थोरल्या काकांची कंबर वाकून सरळ होत नाही. फ्लोराइडही उकळून जात नाही ना? आणि एक. आमच्याकडे सिलिंडर दोन महिने पुरवावं लागतं, पाणी रोज उकळणं झेपेल का, हाही प्रश्न आहे.

परीक्षानळी

फ्लोराइड जात नाही. आर्सेनिक, शिसं, शेतातली औषधं, यांतलं काहीच उकळीने निघत नाही, आटवलं तर यातली बहुतेक वाढतात. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. तुमच्या भागात बोअरच्या पाण्यात ते खडकातूनच उतरतं. ज्या हातपंपाला लाल रंग दिलाय त्याचं पाणी धुण्या-भांड्याला घ्या, पिण्या-रांधण्याला नाही. उघड्या विहिरीत ते पुष्कळदा कमी निघतं, पण तपासून. आणि उघड्या विहिरीत जंतू असतात, म्हणजे ते पाणी मात्र उकळायला हवं. अशी ही अदलाबदल असते.

गॅसचा हिशेब मी केलेला आहे. वीस लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण पाव किलो गॅस लागतो. १४.२ किलोचं सिलिंडर नुसतं पाणी उकळण्यातच दोन महिन्यांत संपेल. गरिबाच्या घरी हे झेपत नाही, आणि ते न झेपणं हा त्यांचा दोष नाही. म्हणून घरातल्या लहानग्यांपुरतं आणि आजाऱ्यापुरतं उकळा, बाकीच्यांना क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास झाकून ठेवलेलं पाणी. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून, नितळून, चौपदरी फडक्याने गाळून. गाळण्याला कमी लेखू नका. पायविहिरीच्या काळात नारू व्हायचा तो पाण्यातल्या बारीक किड्यांतून, आणि नुसत्या दाट फडक्याने ते किडे अडत. २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला त्यात त्या फडक्याचा मोठा वाटा आहे.

आटवण्याचं जळण वेगळंच. उकळी आणायला जेवढा जाळ लागतो त्याच्या साडेतीन पटींहून जास्त जाळ पुन्हा निम्मं आटवायला लागतो. मृगबहार ताई, सासूबाईंच्या किती मोळ्या त्यात गेल्या असतील.

त्यांना रसायनशास्त्र सांगत बसू नका. एक करा. तांब्याभर गोड्या पाण्यात मीठ घाला, जेमतेम चव लागेल एवढंच. त्यांना घोटभर द्या. मग तेच पाणी त्यांच्याच हाताने, त्यांच्याच पद्धतीने निम्मं आटवू द्या, गार झालं की पुन्हा घोटभर द्या.

अहवाल आला की आकडे इथे टाका.

मृगबहार

चार दिवसांनी लिहितेय. बाळांना दाखवून आणलं. दोघंही ठीक आहेत. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून पाहिलं, रक्तही तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले. त्यांनीही विहिरीचं पाणी बंद करायलाच सांगितलं.

अहवाल आला. नायट्रेट ७४. म्हणजे सासूबाईंच्या खुणेपर्यंत आटवल्यावर जवळजवळ १४८. एकूण क्षार ९४०, कठीणपणा ५२०, फ्लोराइड ०.५. ई-कोलाय आढळले असंही आहे. म्हणजे दोन्ही त्रास, जंतूही आणि नायट्रेटही. गावात थंड पाण्याचे जार येतात ते आरओचं आहे म्हणतात, घरातल्या बाकीच्यांसाठी ते घ्यावं का?

परीक्षानळी

नायट्रेट आणि ई-कोलाय एकत्र आले की माझी नजर आधी गोठ्याकडे जाते. शेणमूत झिरपून विहिरीत येतंय, आणि बहार धरताना दिलेला युरियाही. उकिरडा या आठवड्यातच हलवा, विहिरीपासून जितका लांब आणि उताराच्या बाजूला नेता येईल तितका. विहिरीच्या तोंडाभोवती कठडा आणि सांडपाणी वाहून जाईल अशी फरशी करा. युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्या, झाडाला लागेल तेवढाच. पाणी लगेच सुधारणार नाही, जमिनीत वर्षानुवर्षं मुरलेलं आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर असं वर्षातून दोनदा तपासा.

जारच्या पाण्याचं: आरओने नायट्रेट बरंच निघतं, साध्या कँडलच्या फिल्टरने, कोळशाच्या फिल्टरने किंवा नुसत्या अतिनील दिव्याने अजिबात नाही. जारवाल्याकडे क्षार मोजायचं पेनासारखं मीटर असतं, समोर मोजायला सांगा. कच्चं पाणी ९०० च्या आसपास आणि बाहेर पडणारं शंभराच्या आत असेल तर आरओचा गाळायचा पडदा काम करतोय. ते मीटर जंतू मात्र दाखवत नाही आणि जार कसा धुतात ते आपण पाहिलेलं नसतं. बाळांसाठी घेतलंत तर उकळूनच.

मृगबहार

उकिरडा काल हलवला. यजमान आणि गडी, दोन दिवस लागले.

मिठाचं तुम्ही सांगितलं तसंच केलं. सासूबाईंनी पहिला घोट घेतला, म्हणाल्या, "काही लागत नाही, जरासं." मग पातेल्यात घालून स्वतः आटवलं, खुणेपर्यंत नाही, पण काडीने मोजून निम्मं. गार झाल्यावर घोट घेतला आणि तोंडातच धरून राहिल्या. गिळला नाही, अंगणात जाऊन थुंकल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "इतके दिवस मी लेकरांना हेच देत होते का?" मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आई, तुम्ही जंतू मारत होतात, ते खरंच मरत होते. दुसरं कुणी आपल्याला सांगितलंच नव्हतं.

आज पहाटे पाचला तेच पातेलं चुलीवर होतं, आत नळाचं पाणी. खळखळून उकळी आली, त्यांनी माझ्याकडे पाहून साठपर्यंत मोजलं आणि झाकण ठेवून उतरवलं. पाणी खुणेच्या चार बोटं वर होतं.